आई-नानांची पहिली विमानवारी : नाशिकहून फ्रँकफर्टपर्यंतच्या तयारीच्या नोंदी

ज्यांचे आई-वडील साठीनंतर पहिल्यांदा परदेशी निघालेत त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतेय. पर्यटनाचं यात काही नाही. कागद कुठे अडले, पैसे किती गेले, वेळ कुठे वाया गेला आणि शेवटी काय कामाला आलं, एवढंच.

८ सप्टेंबर २०२५

ताईला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. बाळंतपणाला आई-नानांनी फ्रँकफर्टला जायचं ठरलं. नाना ६९ चे, आई ६४ ची. दोघांकडेही पासपोर्ट नाही. नानांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये झाली. देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका तिथेच छापतात, पण स्वतःचा पासपोर्ट काढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

संध्याकाळी सतरंजीवर सगळे कागद मांडले. नानांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५६, पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, १ जून १९५६. शाळेत नाव घालताना मास्तर १ जून लिहून टाकायचे. त्या वयाची कितीतरी माणसं त्यामुळे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेली आहेत. आधार काढताना नानांनी फक्त वर्ष सांगितलं होतं, म्हणून तिथे १ जानेवारी पडली. आईचं वेगळंच. 'सुशीला'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पॅनवर 'आय' आणि आधारवर 'डबल ई'. शाळेच्या दाखल्यावर तर माहेरचं नाव.

पासपोर्टला जन्माचा दाखला लागेल या धास्तीने नाना गावच्या ग्रामपंचायतीत जायला निघाले होते. त्यांना थांबवलं. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच आहे. त्याआधीच्यांना शाळेचा दाखला, पॅन चालतं आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना पीपीओसुद्धा.

ठरवलं ते असं: पासपोर्टच्या अर्जाला हात लावण्याआधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्यायचे.

२० सप्टेंबर

आधार केंद्र. दुरुस्तीचे तेव्हा माणशी ५० रुपये लागत होते. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून पावतीवरची तारीख नानांना तिथेच मोठ्याने वाचायला लावली आणि मगच उठलो. आईचं स्पेलिंग पॅनप्रमाणे करून घेतलं.

इथे एक गोष्ट लक्षात आली, ती पुढे फार महत्त्वाची ठरली. आईचा अंगठा मशीनवर लागेना. आई म्हणाली, "रेशनच्या दुकानात पण असंच होतं गं, शेवटी नानाच अंगठा देतात." चाळीसेक वर्षं भाकरी थापून आणि भांडी घासून बोटांच्या रेषा गुळगुळीत झाल्या आहेत. बऱ्याच खटपटीनंतर एका बोटावर काम भागलं.

१४ ऑक्टोबर

दुरुस्त आधार हातात आल्यावर पासपोर्टचा अर्ज. नेहमीची फी १५०० रुपये, साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सवलत, म्हणजे माणशी १३५०. तात्काळला २००० जादा लागतात. हाताशी वेळ होता, म्हणून तात्काळच्या वाटेला गेले नाही.

पासपोर्ट सेवा केंद्रात मूळ कागद, झेरॉक्स आणि धीर तिन्ही लागतात. आधी कागद स्कॅन, फोटो आणि ठसे, मग तपासणी, मग मंजुरी. नानांना पीपीओवर एकही प्रश्न आला नाही. आईला नावाबद्दल विचारलं. आधार आणि पॅन जुळत असल्याने माहेरच्या नावाचा दाखला दाखवायचीही गरज पडली नाही. आई सातवी शिकलेली आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल असा) शिक्का येतो असं शेजारच्या काकूंनी घाबरवलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो नियम लागू नाही.

३० ऑक्टोबर

पोलीस पडताळणी. यात दिवस गेले. हवालदार आले ते ऐन दिवाळीत. शेजारच्या दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या आणि आधार हवे होते, आणि सोसायटीतली निम्मी दारं कुलूपबंद. दिवाळीनंतर पुन्हा आले तेव्हा काम झालं. सणासुदीच्या आसपास अर्ज करणार असाल तर दोन शेजाऱ्यांच्या आधारच्या प्रती आधीच मागून ठेवा.

२१ नोव्हेंबर

स्पीड पोस्टाने दोन्ही पासपोर्ट आले. चिपवाले ई-पासपोर्ट आहेत, मुखपृष्ठावर त्याची छोटी सोनेरी खूण. नानांनी चष्मा पुसला, पुस्तिका ट्यूबलाइटपुढे धरून पानातला जलचिन्हाचा भाग पाहिला, मधोमधच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मग स्वतःचा फोटो पाहिला. मी तोवर स्पेलिंग, जन्मतारीख, पत्ता तपासत होते. ते काम सगळ्यांनी पाकीट फोडल्याबरोबर करावं.

पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि दिलेल्या नावात स्वतःचं नाव अधिक नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसाचा अर्ज सगळीकडे हेच, याच क्रमाने. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवलं आहे.

१९ डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत

ताई आणि भाऊजींनी तिकडच्या परकीय नागरिक कार्यालयातून फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग काढलं. पाहुण्यांचा खर्च आम्ही उचलू अशी ही सरकारी हमी, फी २९ युरो. व्हिसाच्या अर्जाला मूळ कागदच लागतो, स्कॅन चालत नाही. ताईने तो कुरिअरने पाठवला आणि मधे नाताळ आला. पाकीट जानेवारीत हातात पडलं. तोवर व्हिसा केंद्राची भेटीची वेळ घेता आली नाही. तुमचं कोणी तिकडून येणार असेल तर त्याच्या हाती पाठवणं सगळ्यात चांगलं.

१२ जानेवारी २०२६

शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, जमवाजमव. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. फाइलमध्ये काय काय लागलं: अर्ज, पासपोर्ट, हमीपत्र, ताईचं आमंत्रणाचं पत्र, तिच्या पासपोर्टची आणि तिथल्या वास्तव्याच्या परवान्याची प्रत, नानांचं पेन्शनचं आणि बँकेचं खातं, विमानाचं आरक्षण, विमा. नातं सिद्ध करायला ताईच्या भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान पुरलं, त्यावर आई-वडिलांची नावं असतात.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि माणसाला किंवा मृतदेहाला परत आणण्याचा खर्च धरणारा हवा. दोघांचे मिळून २७,४०० रुपये गेले. स्वस्त पॉलिसी होत्या, पण त्यांत जुन्या आजारांतून उद्भवलेलं काहीच धरलेलं नव्हतं. नानांना रक्तदाब आणि साखर दोन्ही. तशी पॉलिसी व्हिसासाठी चालते, माणसासाठी नाही. मी तातडीच्या वेळी जुना आजारही धरणारी घेतली आणि त्यासाठी जे जास्त लागले ते दिले.

फोटो दोनदा काढावे लागले. स्टुडिओने ३५ बाय ४५ मिलिमीटरचेच दिले, पण चेहरा लहान. चेहऱ्याने फोटोच्या उंचीचा ७० ते ८० टक्के भाग व्यापायला हवा. नानांच्या चष्म्यावर दिव्याची तिरीपही होती. दुसऱ्या वेळी मी पट्टी घेऊन गेले.

२२ जानेवारी

सकाळच्या पंचवटीने मुंबई. व्हिसाची फी ९० युरो, रुपयांत माणशी साडेनऊ हजारांच्या आसपास, सेवा शुल्क वेगळं.

सप्टेंबरातला अनुभव विसरले नव्हते. भेटीची वेळ मिळाल्याबरोबर आईची भांडी बंद केली. घासणीची पावडर, लसूण सोलणं, चिंच कोळणं सगळं बंद. रोज रात्री बोटांना व्हॅसलीन लावून सुती हातमोजे. तरीही पहिल्या वेळी उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली तर दिवा लालच. काउंटरवरची मुलगी समंजस होती. तिने ओल्या टिश्यूने बोटं पुसली, मग कोरडी केली, आणि आईच्या बोटांवर स्वतःचा पंजा ठेवून सरळ खाली दाबलं. आई ठसा देताना बोटं पुढे सरकवत होती, सही करताना पेन सरकवावं तशी. सरकवायचं नाही, नुसतं टेकवून धरायचं. हे कळल्यावर दोन्ही हात उमटले. एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात, म्हणजे पुढच्या वारीला कदाचित ही कसरत नाही.

बाहेर पडल्यावर आईने मला विचारलं, "आता भाकरी करू ना?"

६ फेब्रुवारी

व्हिसे आले. ९० दिवसांचा मुक्काम मंजूर. स्टिकरवर दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात: व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध, आणि त्यात एकूण किती दिवस राहता येईल. दुसरा आकडा महत्त्वाचा. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. २१ मार्चला उतरले तर नव्वदावा दिवस १८ जून.

९ फेब्रुवारी

तिकिटं. व्हिसा येईपर्यंत नुसतं आरक्षण होतं. जानेवारीत थेट विमानाचं जाऊन-येऊन तिकीट माणशी ५९ हजारांना दिसत होतं, आज ७१ हजारांना घेतलं. दोघांचे मिळून २४ हजार जास्त. तरी व्हिसा आधी आणि तिकीट नंतर हा क्रम मी पुढेही सोडणार नाही. व्हिसा नाकारला गेला असता तर पूर्ण रक्कम गेली असती.

आखातातून जाणारं तिकीट बरंच स्वस्त होतं. ते दोन कारणांनी सोडलं. रात्री तीन वाजता अनोळखी विमानतळावर दार शोधणं नानांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. आणि आईच्या काळ्या मसाल्यात खसखस असते, संयुक्त अरब अमिरातीत ती बेकायदा आहे. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली आणि तिथून पुढे असाही विचार झाला, पण विमान बदलणं त्यातही आलंच.

विमान ००:५५ चं, तारीख २१ मार्च. म्हणजे २० च्या रात्री विमानतळावर हजर. हे कॅलेंडरवर २० तारखेच्या चौकोनात लाल शाईने लिहिलं, २१ च्या चौकोनात काहीच लिहिलं नाही. आईची अट होती की पाडवा घरी झाला पाहिजे. पाडवा १९ ला आहे.

तिकिटासोबतच दोघांसाठी व्हीलचेअर मागितली. पैसे लागत नाहीत, मात्र किमान ४८ तास आधी सांगावं. नाना नको म्हणत होते. "मी काय आजारी आहे का?" मी सांगितलं, ही खुर्ची चालण्यासाठी नाही, रांगेसाठी आणि रस्त्यासाठी आहे. खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून विमानाच्या दारापर्यंत सोबत असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तोच खरा आधार. मग तयार झाले.

२२ फेब्रुवारी

सराव. या भागावर मी सर्वात जास्त वेळ घातला आणि तो सर्वात जास्त उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

सिटी सेंटर मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर. आई पायरीपाशी जाऊन थांबायची, निऱ्या वर धरायची, पाय पुढे टाकायची आणि ऐन वेळी मागे घ्यायची. मागे लोक खोळंबायचे, मग ती आणखी गडबडायची. सकाळी मॉल उघडल्या उघडल्या गेलो, तेव्हा गर्दी नव्हती. युक्ती अशी सापडली: पायाकडे बघायचं नाही, आधी हात सरकत्या कठड्यावर ठेवायचा. हात पुढे ओढला गेला की पाय आपोआप पडतो. उतरताना पायऱ्या सपाट व्हायला लागल्या की बोटं वर उचलायची. दुपारपर्यंत ती एकटी वर-खाली करत होती आणि नानांना शिकवत होती.

घरी इमिग्रेशनचा सराव. कुठे जाताय, कोणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट कुठे. नानांना इंग्रजी वाचता येतं, पण समोरून प्रश्न आला की ते सगळी हकीगत सांगू लागतात. एका प्रश्नाला एक ओळ, असं घोटलं. शिवाय एका जाड कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ताईचं नाव, पत्ता, फोन, मुक्कामाचे दिवस, विम्याचा क्रमांक लिहून दोघांच्या पर्समध्ये एकेक प्रत. हमीपत्राची, विम्याची आणि परतीच्या तिकिटाची प्रत हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत ठेवलेला कागद इमिग्रेशनला मिळत नाही, कारण तिथवर बॅग हातात आलेलीच नसते.

८ मार्च

खाण्याचं सामान. घरात सगळ्यात जास्त वाद याच दिवशी झाला.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आईने कढवलेलं तूप बाद, पेढे बाद. ताज्या फळांना आणि भाज्यांना १४ डिसेंबर २०१९ पासून फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच सुटली आहेत. कढीपत्ताही त्यात अडकतो. नानांच्या मित्राची दिंडोरीला बाग आहे, त्यांनी जावयासाठी द्राक्षांची पेटी काढून ठेवली होती. नानांचं म्हणणं, "नाशिकची द्राक्षं कंटेनर भरभरून युरोपात जातात, मग एक पेटी का नाही?" जातात, पण त्या बागांची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी प्रणालीत, नोंद असते, औषधांच्या अवशेषांची तपासणी होते, मालासोबत कागद जातो. आपल्या पेटीसोबत यातलं काहीच नाही. पेटी आम्हीच खाल्ली. जावयाला बेदाणे बांधले.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर विमानाच्याच नियमात अडकतात. तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, यूएन १३६३ हा त्याचा क्रमांक. देवपूजेच्या डबीतला कापूर आणि काडेपेटीही काढली.

मग बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचं काय? तूप नाही, खोबरं नाही. आई दोन दिवस गप्प होती. ताईने फोनवर वाट काढली. तिकडे सुपरमार्केटात बटरश्माल्झ नावाने कढवलेलं लोणी मिळतं, तेच तूप. खोबऱ्याचा कीसही मिळतो. तेव्हा रविवार कारंजावरून डिंक, खारीक पूड, अळीव, मेथी, सुंठ, जायफळ घेतलं आणि लाडू तिथे वळायचे ठरले. बाळगुटीची मुळं मात्र मी ठेवून घेतली. तिथल्या बालरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नवजात बाळाला काही उगाळून द्यायचं नाही, यावर ताई आणि मी दोघी ठाम आहोत. आईला ते पटलेलं नाही.

काळा मसाला, मेतकूट आणि भाजणी दुहेरी पिशवीत, तोंड चिकटवून, वर इंग्रजीत नाव. कोंडाजी चिवड्याची पाकिटं कारखान्याच्या मूळ बंद वेष्टनातच.

१४ मार्च

औषधं. वैयक्तिक वापरासाठी जर्मनीत तीन महिने पुरतील एवढी नेता येतात, मुक्काम तेवढाच आहे. सगळी मूळ पट्ट्यांत. डॉक्टरांकडून इंग्रजी पत्र घेतलं, त्यात कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं: मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, थायरॉक्झिन. आपल्याकडचा ब्रँड तिथल्या औषधवाल्याला कळत नाही. निम्मी औषधं हातातल्या बॅगेत आणि निम्मी मोठ्या बॅगेत असं नाना म्हणत होते. सगळी हातातल्या बॅगेत ठेवली. बॅग एखादा दिवस उशिरा आली तर साखरेची गोळी चुकता कामा नये.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. द्रव पदार्थ प्रत्येकी १०० मिलिलिटरपर्यंत, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. आईची खोबरेल तेलाची बाटली मोठ्या बॅगेत गेली.

आमच्या तिकिटात माणशी २३ किलोची एक बॅग आणि हातात ८ किलो. हुकाचा वजनकाटा ४५० रुपयांना घेतला. आईची बॅग पहिल्या वेळी २७ भरली. दोन साड्या, स्टीलचा डबा आणि पितळी खलबत्ता निघाला. २२ वर आणून थांबले, विमानतळावरच्या काट्याशी फरक पडला तर एक किलोची जागा हवी.

पैसे: माणशी ३०० युरो रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड). भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंत नेता येतात. परतताना टॅक्सीला लागतील तेवढ्याच ठेवल्या.

२० मार्च

गुढी काल संध्याकाळी उतरवली. आज दुपारी ४ ला निघालो. इगतपुरीला समृद्धीवर चढलो. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाटाची चिंता राहिलेली नाही. वाचवलेला वेळ आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याने परत घेतला. मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला पोचलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. मुंबईत गर्दी नसेल या भरवशावर नाशिकहून निघू नये, एवढंच सांगते.

टर्मिनलच्या दारात पासपोर्ट आणि तिकीट बघतात, सोडायला आलेल्यांना आत जाता येत नाही. खुर्च्या घेऊन माणसं दारापाशी आली, चेक-इन झाल्यावर नानांनी फोन केला. बॅगा २२.३ आणि २१.८.

२१ मार्च

ताईचा फोन. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर नवी नोंदणी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. चेहऱ्याचा फोटो घेतात आणि व्हिसाच्या वेळचे ठसे पुन्हा पडताळतात. आईची बोटं पहिल्यांदा जुळली नाहीत. तिने पर्समधला ओला टिश्यू काढला, बोटं पुसली, पदराला कोरडी केली आणि नुसती टेकवून धरली. जुळली. अधिकाऱ्याने नानांना मुक्कामाचे दिवस विचारले, नानांनी एकाच शब्दात सांगितलं. सामान कोणी उघडलं नाही.

२४ मार्च

हिशेब पुरा केला. तिकिटं १,४२,०००. विमा २७,४००. व्हिसा सेवा शुल्कासह २३,२००. पासपोर्ट २,७००. मुंबईच्या फेऱ्या, गाडी, फोटो, वजनकाटा, गरम कपडे मिळून ३१,०००. ताईने भरलेले २९ युरो आणि कुरिअर वेगळे.

परतीचं तिकीट १४ जूनचं आहे, मर्यादा १८ ची. उशीर झाला, विमान रद्द झालं तर मधले चार दिवस हाताशी असावेत म्हणून मुद्दाम तसं काढलंय. आईची बोटं परतीच्या वेळी सीमेवर पुन्हा तपासतील, म्हणून जूनच्या पहिल्या तारखेपासून तिची भांडी बंद करायची हे ताईच्या फोनमध्ये गजर लावून ठेवलं आहे.